कुरकुंभच्या माळावर द्रुतगती रेल्वे

मुंबईहून पुणे, पंढरपूर, सोलापूर आणि कलबुर्गीमार्गे हैदराबादला जाणाऱ्या सुमारे ७११ किलोमीटरच्या नियोजित द्रुतगती रेल्वेमार्गाच्या आराखड्यात पुण्यानंतरचे स्थानक म्हणून दौंड तालुक्यातील कुरकुंभचे नाव येते. फिरंगाई मातेचे ठाणे, पुणे–सोलापूर महामार्गावरची वर्दळ आणि रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाजवळून ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने गाडी धावावी, अशी ही कल्पना आहे. अशा मार्गांचा अभ्यास आणि उभारणी यांसाठी २०१६ साली नॅशनल हाय स्पीड रेल कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि २०२६-२७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या सात द्रुतगती मार्गांमध्ये मुंबई–पुणे आणि पुणे–हैदराबाद या दोन्ही टप्प्यांचा समावेश झाला. या घोषणेमागे पर्यावरणाला पोषक अशा प्रवासी वाहतुकीचे कारण दिले गेले. हे कारण कितपत खरे ठरेल, हे तपासायला कुरकुंभसारखे ठिकाण मुंबई-हैदराबादपेक्षा अधिक उपयोगी आहे. मोठ्या शहरांत वेगाचे लाभ उघड दिसतात, तर मधल्या गावात त्या वेगासाठी लागणारी जमीन, पाणी, वीज आणि सिमेंट यांचा हिशेब दिसतो.

आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या रूढ व्याख्येप्रमाणे ताशी २५० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगासाठी मुद्दाम बांधलेला मार्ग तो द्रुतगती मार्ग होय. १० फेब्रुवारी २०२३ पासून पुणे–दौंड मार्गाने धावणारी मुंबई–सोलापूर वंदे भारत या व्याख्येत बसत नाही, कारण ती जुन्याच रुळांवरून, इतर गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत जाते. रेल्वे मुळातच काटकसरी वाहन आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना जे घर्षण होते ते डांबरी रस्त्यावरच्या रबरी टायरच्या मानाने फारच थोडे असते, आणि एकामागे एक जोडलेले डबे शेकडो प्रवाशांना घेऊन एकाच अरुंद पोकळीतून हवा कापत जातात. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. ताशी १६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला हवेशी झुंजायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या चौपट ऊर्जा ताशी ३२० किलोमीटरच्या गाडीला दर किलोमीटरमागे खर्चावी लागते. निमुळते नाक, गुळगुळीत पोट, हलके डबे आणि ब्रेक लावताना चाकांच्या गतीतून वीज निर्माण करून ती तारेत परत सोडण्याची सोय या उपायांनी हा खर्च कमी करता येतो, पण तो नाहीसा होत नाही. वेगाला किंमत असते, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने खरा प्रश्न ती किंमत कशाच्या बदल्यात मोजली जाते हा आहे.

ही किंमत विजेच्या रूपात मोजली जात असल्याने वीज कशापासून बनते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते. फ्रान्समधील टीजीव्ही या द्रुतगती गाडीचा पहिला नमुना वायूच्या टर्बाइनवर, म्हणजे खनिज इंधनावर चालणारा होता. १९७३च्या तेलसंकटानंतर तो मार्ग सोडून विजेची निवड झाली आणि १९८१ साली पॅरिस–लियाँ मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्या देशाची बहुतांश वीज पुढे अणुभट्ट्यांतून येऊ लागल्यामुळे तिथल्या द्रुतगती प्रवासाचे कर्ब उत्सर्जन, म्हणजे वातावरण तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, अत्यल्प राहिले. जपानमध्ये १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेल्या टोकियो–ओसाका शिंकान्सेनविषयी ती चालवणारी कंपनी असे सांगते, की विमानाच्या तुलनेत दर आसनामागे ऊर्जा सुमारे एक अष्टमांश आणि कर्ब उत्सर्जन सुमारे एक द्वादशांश एवढेच पडते. हा दावा कंपनीचा स्वतःचा आहे हे लक्षात घेतले, तरी विमान आणि रेल्वे यांच्यातले अंतर किती मोठे आहे हे त्यावरून कळते.

भारतातील वीजनिर्मितीत मात्र अजून सुमारे तीन चतुर्थांश वाटा कोळशाचा आहे, आणि महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भार चंद्रपूर, कोराडी, परळी यांसारख्या औष्णिक केंद्रांवर आहे. देशाच्या एकूण वीजजाळ्यातील एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. द्रुतगती गाडीला दर आसनामागे दर किलोमीटरला ०.०४ युनिट वीज लागते आणि तिची दोन तृतीयांश आसने भरलेली असतात असे गृहीत धरले, तर एका प्रवाशामागे दर किलोमीटरला सुमारे ४० ग्रॅम उत्सर्जन होते. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोलच्या मोटारीत एकटाच माणूस बसला असेल, तर हाच आकडा सुमारे १५० ग्रॅमवर जातो. त्याच मोटारीत चौघे असतील तर तो ४० ग्रॅमच्या खाली उतरतो. जवळच्या पल्ल्याच्या विमानाचा आकडा सहसा १०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक असतो. लिटरला ५ किलोमीटर जाणारी आणि ४० प्रवाशांनी भरलेली एसटी मात्र याच हिशेबाने १३-१४ ग्रॅमवर थांबते, म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवर धावणाऱ्या द्रुतगती गाडीच्या एक तृतीयांशावर. विजेच्या इंजिनाने ओढलेली, गर्दीने भरलेली साधी एक्सप्रेसही द्रुतगती गाडीपेक्षा कमी ऊर्जेत तेवढेच अंतर कापते. हे आकडे ढोबळ आहेत आणि गृहीतके बदलली की तेही बदलतील, परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष सहसा बदलत नाही. द्रुतगती रेल्वे विमानापेक्षा आणि एकट्या माणसाच्या मोटारीपेक्षा निश्चित चांगली आहे, पण एसटीपेक्षा आणि साध्या रेल्वेपेक्षा ती आज तरी चांगली नाही.

म्हणून नव्या गाडीत बसणारा माणूस आधी कशाने जात होता, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो. तैवानमध्ये २००७ साली राजधानी तैपेई ते दक्षिणेतील काओशियुंग असा द्रुतगती मार्ग सुरू झाल्यावर त्या दोन शहरांमधील विमानसेवा ओस पडत गेली आणि काही वर्षांत बंदच झाली. स्पेनमध्ये २००८ साली माद्रिद–बार्सेलोना मार्ग पूर्ण झाला, तेव्हा त्या अतिशय गजबजलेल्या हवाई मार्गावरील प्रवाशांचा मोठा हिस्सा रेल्वेकडे वळला. पाचशे ते आठशे किलोमीटरचे अंतर आणि तीन तासांच्या आतबाहेरचा प्रवास या टप्प्यात रेल्वे विमानाला खऱ्या अर्थाने पर्याय ठरते, कारण विमानतळ गाठणे, तपासणी आणि प्रतीक्षा यांत जाणारा वेळ तिथे वाचतो. मुंबई–हैदराबाद आणि पुणे–हैदराबाद ही अंतरे याच टप्प्यात बसतात, आणि या मार्गाच्या बाजूने करता येण्याजोगा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे.

या युक्तिवादाला एक अट मात्र आहे. विमानाचे प्रवासी रेल्वेकडे आले, आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या धावपट्टीवर दुसरीकडे जाणारी नवी विमाने उतरू लागली, तर वाचलेले उत्सर्जन दुसऱ्या खात्यावर जमा होते. कुरकुंभच्या पश्चिमेला पुरंदर तालुक्यात पुण्यासाठी नवा विमानतळ उभारण्याची तयारी चालू आहे आणि तिथले शेतकरी जमीन देण्यास विरोध करीत आले आहेत. एकाच प्रदेशात द्रुतगती रेल्वे आणि नवा विमानतळ हे दोन प्रकल्प वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या अंदाजांवर आखले जातात, आणि प्रत्येक प्रकल्प आपापले प्रवासी वाढतच जातील असे धरून चालतो. दोहोंचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय रेल्वेमुळे किती विमाने कमी होतील हे सांगता येणार नाही, आणि ते सांगता येत नसेल तर पर्यावरणपूरक हे विशेषणही उसने ठरते.

दौंड-कुरकुंभच्या प्रवाशाचे चित्र तर आणखी वेगळे आहे. येथून हैदराबादला विमानाने जाणारे लोक मोजके. रोज पुण्याला शिक्षणासाठी, नोकरीसाठी, दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी जाणारे लोक हजारो. ते एसटीने, दुचाकीने, महामार्गावरच्या खासगी वाहनांनी आणि पुणे–दौंड रेल्वेने जातात. हा रेल्वेमार्ग १८५८च्या सुमाराचा, म्हणजे देशातील आरंभीच्या मार्गांपैकी एक आहे, आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेल्यावर दौंड हे मोठे जंक्शन झाले. पुणे–दौंड टप्प्याचे विद्युतीकरण २०१७ मध्ये झाले, तरी त्यानंतरही अनेक वर्षे येथील नोकरदार प्रवाशांना डिझेलवर चालणाऱ्या डेमू गाडीतून दाटीवाटीने प्रवास करावा लागला आणि विजेवरील लोकलची त्यांची मागणी चालूच राहिली. डोक्यावर विजेची तार असताना तिच्याखालून डिझेलची गाडी धावावी, ही स्थिती बदलायला ना नवी जमीन लागते ना डोंगर पोखरावा लागतो. कर्ब उत्सर्जन कमी करणे हाच खरोखर हेतू असेल, तर दर रुपयामागे सर्वांत मोठा लाभ या जुन्या मार्गावरच्या वारंवार धावणाऱ्या, स्वस्त आणि विजेवरील गाड्यांतून मिळेल, आणि द्रुतगती मार्गाचा विचार त्यानंतरचा किंवा त्याच्या जोडीचा असायला हवा, त्याला बाजूला सारणारा नसावा.

जुन्या मार्गाला नव्याचा एक उपकार होऊ शकतो, तोही येथे नोंदवला पाहिजे. लांब पल्ल्याचे प्रवासी स्वतंत्र मार्गावर गेले, तर पुणे–सोलापूर लोहमार्गावर मालगाड्यांना आणि लोकलना जागा मोकळी होते. औद्योगिक वसाहतीतला आणि साखर कारखान्यांचा जो माल आज ट्रक-टँकरमधून महामार्गाने जातो, त्यातला काही भाग रुळांवर आला, तर ती बचत प्रवाशांच्या वाहतुकीतून होणाऱ्या बचतीच्या तोडीची ठरू शकते. मात्र मोकळी झालेली जागा आपोआप मालगाड्यांनी भरत नाही. त्यासाठी माल चढवण्या-उतरवण्याची सोय, दर आणि वेळापत्रक यांची आखणी आधीपासून करावी लागते.

गाडी धावण्यापूर्वीच तिच्या नावावर जो कर्बभार चढलेला असतो, त्याचा उल्लेख सरकारी घोषणांत क्वचितच आढळतो. सिमेंट बनवताना चुनखडी भाजली जाते, तेव्हा इंधनाच्या धुराबरोबर खुद्द त्या दगडातूनही कार्बन डायऑक्साइड मुक्त होतो, आणि एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून अधिक उत्सर्जन होते. पोलादाचा भार त्याहून जास्त आहे. मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाचा फार मोठा भाग खांबांवर उभारला जात आहे. पुणे–हैदराबाद टप्पाही तसाच बांधला, तर दौंडच्या शिवारातून काँक्रीटच्या खांबांची अखंड रांग जाईल. बोरघाटात तर बोगद्यांना पर्याय नाही, आणि बोगदा हा रेल्वेमार्गाचा सर्वांत कर्बखाऊ भाग असतो. यूनास वेस्टिन आणि पेर कोगेसॉन या स्वीडिश अभ्यासकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार ५०० किलोमीटरच्या मार्गाच्या बांधणीतले उत्सर्जन भरून निघायला वर्षाला सुमारे एक कोटी एकेरी प्रवास व्हावे लागतात, त्यांतले बहुतेक प्रवासी विमानातून आलेले असावे लागतात आणि बोगदे शक्य तितके कमी ठेवावे लागतात. त्या गणितात वीज भारतापेक्षा बरीच स्वच्छ धरलेली आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते. दुसऱ्या बाजूला, नीट बांधलेला रेल्वेमार्ग शंभर वर्षे वापरात राहतो आणि त्या काळात वीज हळूहळू सौर-पवन ऊर्जेकडे सरकत जाते, तसा त्याचा चालू हिशेब दरवर्षी सुधारत जातो. विमानाच्या इंधनाला अशी सवलत निदान आज तरी उपलब्ध नाही.

बोगद्यांच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न कर्बापेक्षाही तातडीचा असतो. जपानमधील टोकियो–नागोया या चुंबकीय रेल्वेच्या मार्गाला शिझुओका प्रांताने अनेक वर्षे अडवून धरले, कारण डोंगराखालच्या बोगद्यामुळे ओई नदीला मिळणारे झिरपते पाणी तुटेल अशी तिथल्या शेतकऱ्यांना आणि नगरांना भीती होती. सह्याद्रीच्या कातळातल्या भेगांतून झिरपणाऱ्या झऱ्यांवर अनेक वाड्यावस्त्या अवलंबून असतात, त्यामुळे या मार्गावर तो धडा आधीच गिरवणे शहाणपणाचे ठरेल.

घाट चढून दौंडकडे आल्यावर प्रश्नाचे रूप बदलते. मुळा-मुठा आणि भीमेच्या काठचा उसाचा पट्टा एका बाजूला, आणि कुरकुंभपासून बारामती-इंदापूरकडे पसरलेला कोरडा माळ दुसऱ्या बाजूला, असा हा तालुका आहे. सरकारी कागदांत माळरानाची नोंद अनेकदा पडीक जमीन अशी होते, आणि पडीक म्हटले की ती प्रकल्पांसाठी आपोआप मोकळी समजली जाते. वस्तुतः या गवताळ प्रदेशात लांडगा, तरस, खोकड आणि चिंकारा यांचे वास्तव्य आहे. बारामती तालुक्यातील सुपे येथे चिंकाऱ्यासाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे हे प्राणी प्रत्यक्षात अभयारण्याबाहेरच्या माळांवर, मेंढपाळांच्या सोबतीने जगतात. अशा ठिकाणी मार्ग भरावावरून नेला आणि दोन्ही बाजूंनी कुंपण घातले, तर माळाचे दोन तुकडे होतात. खांबांवरून नेला तर खालून लांडगाही जातो आणि मेंढरांचा कळपही जातो. सिमेंट वाचवायचे म्हणून भराव निवडावा, तर वन्यजीवांचे नुकसान होते. वन्यजीवांसाठी खांब निवडावेत, तर कर्बभार वाढतो. अशा प्रत्येक टप्प्यावर पर्यावरणाची दोन हिते एकमेकांसमोर उभी राहतात, आणि निवड त्या त्या जागेची पाहणी करूनच करावी लागते. माळाच्या सलग पट्ट्यांत खांबांचा वाढीव खर्च सोसणेच योग्य दिसते.

खांबांच्या मार्गाला जमीनही कमी लागते. मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी साधारण १७.५ मीटर रुंदीची पट्टी घेतली गेली, म्हणजे एका किलोमीटरला पावणेदोन हेक्टर. सहापदरी महामार्गाला याच्या कितीतरी पट जमीन लागते. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने सातबाऱ्यावरून गेलेले गुंठे हा नुकसानीचा एक भाग झाला. दौंड तालुक्यात नदी, कालवा किंवा विहीर यांपासून कित्येक किलोमीटर लांब नेलेल्या खासगी पाइपलाइनांवर माळावरची बागायत उभी आहे, आणि त्या जमिनीखालच्या जाळ्याची नोंद सरकारी नकाशावर सहसा नसते. एका खांबाच्या पायाखोदाईत एक पाइपलाइन तुटली, तर ज्याचा एक गुंठाही संपादनात गेलेला नाही, अशा लांबच्या शेतकऱ्याचा ऊस किंवा डाळिंब वाळते. मोजणीच्या वेळी या पाइपलाइनांची नोंद घेणे हे पर्यावरणीय आघात अहवालातल्या जाड प्रकरणांइतकेच महत्त्वाचे काम आहे.

भिगवणजवळचे उजनीचे पाणथळ क्षेत्र या मार्गापासून किती अंतरावर राहील, हे अंतिम आखणीवर ठरेल. रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पाणथळात कमळपक्षीही दिसतात, आणि तैवानच्या द्रुतगती मार्गाच्या उभारणीत नेमका याच पक्ष्याचा प्रश्न उभा राहिला होता. ताइनान भागात मार्ग कमळपक्ष्यांच्या मोजक्या उरलेल्या वस्तीतून जात होता. पक्षिमित्रांनी आवाज उठवल्यावर जवळच शेतजमीन घेऊन तिथे पाणथळ जागा तयार करण्यात आली, आणि कमळपक्षी तिथे येऊन घरटी करू लागले. भरपाईचे असे प्रयोग बहुधा फसतात. हा साधला, कारण पक्ष्यांची जागा नष्ट होण्याची वाट न पाहता नवी जागा तयार करण्याचे काम हाती घेतले गेले. महाराष्ट्रातही आखणीच्या टप्प्यावर दबाव आला तर फरक पडतो, हे मुंबई–अहमदाबाद मार्गावर दिसले आहे. तोडायच्या खारफुटीच्या झाडांची संख्या मूळ ५३ हजारांहून अधिक होती, ती आराखड्यातल्या बदलांनंतर सुमारे २२ हजारांवर आली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या तोडीस परवानगी दिली.

कुरकुंभच्या बाबतीत सर्वांत दूरगामी निर्णय स्थानकाच्या जागेचा असेल. फ्रान्समध्ये पॅरिसच्या उत्तरेला आमियाँ आणि साँ-काँताँ या दोन शहरांच्या मध्ये ओत-पिकार्दी नावाचे टीजीव्ही स्थानक १९९४ मध्ये उघडले गेले. दोन्ही शहरांना सोयीचे व्हावे म्हणून ते मधोमध, साखरेच्या बीटच्या शेतात उभारले आणि स्थानिक रेल्वेमार्गाशी जोडलेच नाही, त्यामुळे लोक त्याला बीटच्या शेतातले स्थानक म्हणू लागले. तिथे पोहोचण्यासाठी बहुतेक प्रवाशांना मोटारच काढावी लागते, आणि रेल्वेने वाचवलेल्या उत्सर्जनातले काही त्या मोटारीत परत जाते. कुरकुंभ आणि दौंड जंक्शन यांच्यात आठ-दहा किलोमीटरचे अंतर आहे. द्रुतगती मार्ग १,४३५ मिलिमीटर रुंदीच्या प्रमाण मापाचा आणि जुनी रेल्वे १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजची, त्यामुळे एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर जाऊच शकत नाही आणि प्रवाशाला गाडी बदलावीच लागते. ही अदलाबदल एकाच छताखाली झाली, तर मनमाड, बारामती आणि सोलापूर या तिन्ही दिशांचे प्रवासी रेल्वेनेच स्थानकात येतील. ती महामार्गालगतच्या मोकळ्या माळावर झाली, तर स्थानकाभोवती वाहनतळाचे डांबर पसरेल आणि दौंड, बारामती, श्रीगोंदा येथून मोटारींची रीघ लागेल.

स्थानकाची चाहूल लागताच जमिनींचे व्यवहार सुरू होतात, आणि कुरकुंभ परिसराची सहनशक्ती आधीच ताणलेली आहे. औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्यामुळे आसपासच्या विहिरी आणि बोअरवेल नासल्याच्या तक्रारी कुरकुंभ, पांढरेवाडी आणि शेजारच्या गावांतील शेतकरी अनेक वर्षांपासून करीत आले आहेत. पुण्याला वीस-पंचवीस मिनिटांत नेणारे स्थानक इथे झाले, की गृहप्रकल्प, गोदामे आणि नवे कारखाने येतील, त्यांना पाणी लागेल, आणि ते पाणी आज ज्या कालव्यातून व भूजलातून शेतीला मिळते तिथूनच उचलले जाईल. हा वाढीव भार रेल्वे कंपनीच्या पर्यावरण अहवालात मोडत नाही, कारण तिचा अभ्यास रुळांच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्यापुरता असतो. औद्योगिक विकास महामंडळाच्या कागदांतही तो येत नाही, कारण स्थानक त्यांचे नाही. स्थानकाभोवतीच्या काही किलोमीटरच्या परिघासाठी पाण्याचा ताळेबंद, बांधकामाची मर्यादा आणि दौंड जंक्शनशी रेल्वेजोडणी या तिन्ही गोष्टी एकाच आराखड्यात, जमिनीची पहिली मोजणी होण्यापूर्वी बसवाव्या लागतील, आणि तो आराखडा कुरकुंभ, मळद, पांढरेवाडी आणि गिरीमच्या ग्रामसभांसमोर मराठीत ठेवावा लागेल.